हाडांचं वय १५.८

आमच्या घरी एका मुलाची दोन वयं आहेत. क्रिकेटच्या सोळा वर्षांखालच्या निवडीत वय तपासायला एक्स-रे काढला त्या दिवशी महापालिकेच्या जन्मदाखल्याप्रमाणे तो चौदा वर्षं आठ महिन्यांचा होता आणि डाव्या मनगटाच्या हाडांप्रमाणे १५.८ वर्षांचा. तेव्हापासून घरातले बरेच निर्णय, म्हणजे क्लास कुठला, मे महिन्यात गावी जायचं की नाही, आतेबहिणीच्या लग्नाला कोणी राहायचं, हे सगळं दाखल्यापेक्षा त्या एक्स-रेवर ठरतं. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. बँकेत नोकरी करते, त्यामुळे हिशेब कळतो, आणि या सगळ्या प्रवासात मला आधी हिशेबच दिसत गेला. तोच लिहिते आहे.

आम्ही कल्याणचे. जानेवारी २०१६ मध्ये आमच्याच गावात प्रणव धनावडेनं भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं कल्याण मैदानाकडे लोटलं होतं. नवरा पाच वर्षांच्या लेकाला खांद्यावर घेऊन गेला होता. प्रणवचे वडील रिक्षा चालवायचे, ही गोष्ट त्या आठवड्यात प्रत्येक नाक्यावर ऐकू येत होती. समोरचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत आटोपला, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. मी ते पेपरात वाचलं आणि त्या हरलेल्या मुलांच्या आया दोन दिवस मैदानाबाहेर बसून काय बोलल्या असतील, असं मनात आलं. पुढे मुंबई क्रिकेट असोसिएशननं प्रणवला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. दीड-दोन वर्षांत खेळ हवा तसा होईना, तेव्हा त्याच्या वडिलांनी ती आपणहून थांबवायला सांगितली. ही बातमी छोटीशी आली आणि विरून गेली. आमच्याकडे तोवर प्लास्टिकची बॅट आली होती.

मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा उन्हाळी शिबिरात घातला. सकाळी साडेसहा ते नऊ, टोपी आणि टी-शर्ट फीमध्येच. शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्या पालकांना बोलावून आचरेकर सरांच्या रुपयाची गोष्ट सांगितली: स्टंपवर नाणं ठेवायचं, सचिनला जो बाद करेल त्याचा रुपया, कोणीच नाही केलं तर सचिनचा. गोष्ट रंगवून सांगितली. मग वर्षभराच्या प्रवेशाचे फॉर्म वाटले. रुपयाची दिशा तेवढी बदलली होती, एरवी गोष्ट तीच.

अकॅडमीची फी तेव्हा महिना अडीच हजार, आता साडेचार. ती मला कधीच जास्त वाटली नाही. गणिताच्या क्लासला याहून जास्त जातात. खर्च फीमध्ये नसतो, फीच्या आजूबाजूला असतो. टेनिस बॉलवरून लेदरवर आला की पॅड, ग्लोव्ह्ज, थायपॅड, गार्ड, हेल्मेट. दोन वर्षांनी पाय लांबले की पॅड पुन्हा. बॅट आधी काश्मीर विलोच्या लाकडाची, दोन हजारांत येणारी. मग सर म्हणाले, लेदरवर नीट खेळायचं तर इंग्लिश विलो घ्या. धोबी तलावच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फळीवरच्या रेषा मोजून दाखवल्या, टकटक वाजवून आवाज ऐकवला. नवऱ्याचा चेहरा लग्नात शालू बघतानाही इतका गंभीर नव्हता. साडेअकरा हजार. त्यावर अळशीचं तेल, मग लाकडी हातोडीनं आठवडाभर ठोकत बसायचं, त्याला नॉकिंग म्हणतात. शेजारच्या काकू विचारायला आल्या, सुतारकाम चाललंय का. बॅटचं एक असतं, ती चपलेसारखी मापाची लागते. पाच नंबर, सहा नंबर, मग हॅरो, मग शॉर्ट हँडल. मुलगा वाढतो तशी बॅट मागे पडते. आमचा तर फारच भराभर वाढत होता, आणि हेच पुढे नडणार होतं.

मध्ये लॉकडाउन आला. त्यातही ऑनलाइन बॅटिंग शिकवली गेली. मोज्यात चेंडू घालून तो पंख्याच्या हुकाला टांगायचा आणि मोबाइलसमोर सरळ बॅटनं मारत राहायचं. निम्मी फी होती. सरांचं घर त्यावर चालत होतं, म्हणून आम्ही भरली.

खरी गंमत सामने सुरू झाल्यावर कळली. शाळांच्या स्पर्धा म्हणजे जाइल्स शील्ड चौदा वर्षांखालच्यांची आणि हॅरिस शील्ड सोळाखालच्यांची. दोन्ही शंभराहून जास्त वर्षांच्या. पण त्यात संघात असलेल्यालाच खेळायला मिळणार, आणि हरलं की बाहेर. मग उरलेल्या वर्षात मुलांनी सामने खेळायचे कुठे? त्यासाठी खाजगी स्पर्धा असतात. बारा वर्षांखालील, चौदा वर्षांखालील, अमुक चषक, तमुक प्रीमियर लीग. प्रत्येक मुलाकडून सामन्यामागे सहाशे-सातशे रुपये. रंगीत कपडे वेगळे. मोबाइलवर चेंडूगणिक स्कोअर दिसतो, कुठे कुठे यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही असतं, मागे कोणीतरी हिंदीत कॉमेंटरी करत असतं. आजोबा कल्याणला, आत्या पुण्याला, मामा मस्कतला, सगळे बघतात. तीस धावा झाल्या की मुलानं निवृत्त व्हायचं, कारण पुढच्यानंही पैसे भरलेत. मला हा नियम न्याय्य वाटायचा. नवऱ्याला राग यायचा. "तिसाच्या पुढे जायला शिकणार कधी मग?" त्याचंही खरं होतं.

एकदा सरांनी मला स्पर्धेचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. बँकेतली म्हणून असेल. दिवसाचं मैदानाचं भाडं, दोन पंच, स्कोअरर, दोन नवे चेंडू, माळी, पाणी, पोहे, चषक. बारा-बारा मुलांचे पैसे जमले की हातात उरायचं ते एका फिजिओच्या अर्ध्या दिवसाच्या कमाईएवढंही नव्हतं. सर स्वतः मुंबईच्या कनिष्ठ संघाच्या उंबरठ्यावर राहिलेले, कोचिंगवर संसार. त्यांना लुटारू म्हणणारे पालक मला पटत नाहीत. मैदानाचं भाडं सरांनी ठरवलेलं नाही.

पण पैशांनी एक गोष्ट केली, ती मी स्टँडच्या कठड्यावर बसून पाहिली. आमचा मुलगा गल्लीत आणि सोसायटीत उचलून मारायचा. हवेत जायचा चेंडू, कधी गाडीच्या काचेवर. स्पर्धांच्या दुसऱ्या वर्षापासून त्यानं ते बंद केलं. मी विचारलं, तर म्हणाला, "पहिल्या ओव्हरला आउट झालो तर सातशे गेले ना." हे त्याला आम्ही कधी सांगितलं नव्हतं. गाडीत दोन बाबा पेट्रोलचं बोलत असताना मागच्या सीटवर चार मुलं बसलेली असतात, एवढंच. तिथून मी बारकाईनं बघायला लागले. त्या वयाची बरीच मुलं अशीच खेळत होती. तंत्र सुरेख, डोकं स्थिर, पाय चेंडूपाशी, आणि धावा सोळा चेंडूंत चार. बाद व्हायचं नाही हे त्यांचं पहिलं काम झालं होतं. प्रत्येकाला डावाचा दर माहीत होता. एक मुलगा शून्यावर बाद होऊन परतताना खेळपट्टीकडे न बघता सरळ झाडाखालच्या वडिलांकडे बघायचा. वडील काही बोलायचेही नाहीत, फोनवर स्कोअरच बघत असायचे.

माझे सासरे या सगळ्यावर हसतात. ते सत्तरच्या दशकात बँकेत लागले ते क्रिकेटच्या जोरावर. तेव्हा मुंबईत कंपन्यांचे संघ असायचे, टाइम्स शील्ड खेळायचे. निरलॉन, मफतलाल, टाटा, एसीसी. गावसकर निरलॉनमध्येच होते. मध्यमवर्गीय बाप मुलाला मैदानावर सोडायचा कारण भारताकडून खेळला नाही तरी नोकरी लागायची, दुपारी तीनला ऑफिस सोडून नेटला जायची परवानगी मिळायची, आणि निवृत्तीला पेन्शन. सासरे फिरकी टाकायचे, मुंबईसाठी कधी निवडले गेले नाहीत, पण त्या ऑफस्पिनवर आमचं आजचं घर उभं आहे. मग गिरण्या गेल्या, कंपन्यांनी संघ मोडले, बँकांनी खेळाडूंची भरती आटवली. मधली पायरी निघाली. आता खाली मैदान आणि वर थेट आयपीएलचा लिलाव. सासरे म्हणतात, "आमच्या वेळी नापास झालेल्यालाही काहीतरी मिळायचं." माझ्या मते पालकांच्या आजच्या घाईचं कारण लोभापेक्षा हे जास्त आहे. शंभरातल्या नव्व्याण्णवांसाठी जी सोय होती तीच उरली नाही.

आणि मग वैभव सूर्यवंशी. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात राजस्थाननं त्याला १ कोटी १० लाखांना घेतला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये जयपूरला गुजरातविरुद्ध त्यानं ३५ चेंडूंत शतक ठोकलं. मुलगा सोफ्यावर उभा राहून नाचला. दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर मात्र शतकाबद्दल कमी आणि त्याच्या वडिलांनी मुलाच्या क्रिकेटसाठी जमीन विकली याबद्दल जास्त मेसेज होते. एका बाबांनी लिहिलं, "आपण अजून काहीच केलेलं नाही." त्या आठवड्यात पर्सनल बॅटिंगचे सगळे स्लॉट भरले. पर्सनल बॅटिंग म्हणजे एक मुलगा, एक थ्रोडाउन टाकणारा, म्हणजे जवळून हातानं चेंडू फेकणारा, एक तास, हजार रुपये.

गोलंदाजांचं वेगळंच. लेकाचा जिवलग मित्र वेगवान टाकायचा. सकाळी शाळेच्या संघातून, दुपारी अकॅडमीच्या नेटवर, रविवारी दुसऱ्या एका क्लबकडून. प्रत्येक ठिकाणचे सर चांगले होते आणि प्रत्येक जण आपल्याकडच्या षटकांचा हिशेब ठेवायचा. बेरीज कोणाकडेच नव्हती. इंग्लंडच्या बोर्डाचा तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांसाठी एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, पाच आणि दिवसात दहा षटकांचा नियम होता, हे आम्हाला फिजिओनं सांगितलं, पण ते पोराच्या कमरेच्या मणक्याला तडा गेल्यावर. स्ट्रेस फ्रॅक्चर. वाढत्या वयात हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं, त्यावर रोज तोच पीळ पडत राहतो. चार-पाच महिने बंद. त्याची आई मला म्हणाली, "डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यावर तो रडलाच नाही. झोपला नुसता. दोन दिवस झोपूनच होता."

याच सुमारास आम्हाला एका शाळेचं बोलावणं आलं. फी माफ, किट त्यांचं, "हजेरीचं आम्ही बघून घेऊ." सचिननंही वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमला प्रवेश घेतला होता, हे आम्हाला तिथे दोनदा सांगण्यात आलं. सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला होता. आमचं त्या बाजूला कोणी नाही. कल्याणहून किटबॅग घेऊन पहाटेच्या लोकलच्या मालडब्यातून दादर, शाळा, मैदान, आणि रात्री परत. मी नको म्हटलं. नवरा महिनाभर धुसफुसत होता.

एक गृहस्थही भेटले, सरांचे ओळखीचे नव्हेत, असेच मैदानावर फिरणारे. चहाच्या टपरीवर म्हणाले, परराज्याच्या संघात बसवतो, साडेतीन लाख, तिथला पत्ता वगैरे आपण करू. मी विचारलं, पावती मिळेल का? ते चहा अर्धा टाकून गेले. गंमत पुढे आहे. मी हे हसत हसत ग्रुपमधल्या दोघींना सांगितलं, तर एकीनं त्यांचा नंबर मागितला.

निवड चाचणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ती फार वेळ चालतच नाही. मैदानाला वळसा घालणारी रांग, छातीवर नंबर, आणि नेटमध्ये एक-दोन षटकं. समोर तुमच्यासारखाच निवड होण्यासाठी जीव तोडून टाकणारा मुलगा. लेकानं मला नंतर सांगितलं की त्यानं दोन चेंडू सोडले, दोन खेळून काढले आणि एक उचलून मारला. "का मारलास?" "तिथे पैसे नव्हते भरले." तो सोळा वर्षांखालच्या संभाव्य यादीत आला. बहुधा त्या एका फटक्यावर.

यादीत आला म्हणून हाडांची चाचणी. सोळा वर्षांखालील मुलांसाठी भारतीय बोर्ड टीडब्ल्यू-३ नावाची पद्धत वापरतं, टॅनर आणि व्हाइटहाउस या दोन संशोधकांच्या नावावरून. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे. पंजाची आणि मनगटाजवळची तेरा हाडं किती जुळून आली आहेत ते बघून प्रत्येकाला गुण, आणि गुणांच्या बेरजेवरून वय. या पद्धतीत मुलाचा हात साडेसोळाला पूर्ण वाढलेला धरतात, म्हणून मर्यादा १६.४. त्याच्या वर गेलात तर दाखला काहीही म्हणो, सोळाखालचा संघ बंद. वय चोरणाऱ्यांना रोखायला हे आणलं आणि ते हवंच होतं. राहुल द्रविडनं २०१५ च्या पतौडी व्याख्यानात वयचोरीला फिक्सिंगच्या पंक्तीला बसवलं होतं, ते मला शंभर टक्के पटतं. दाढी केलेली मुलं बारा वर्षांखालच्या स्पर्धेत मी स्वतः पाहिली आहेत.

पण आमच्या लेकाला तेराव्या वर्षीच मिसरूड फुटली. आमच्या माहेरी सगळे असेच, लवकर उंच होतात आणि लवकर थांबतात. जन्म कल्याणातल्याच नर्सिंग होममधला, नोंद आठवड्यात केलेली, तरी एक्स-रेच्या आधीचे पंधरा दिवस मी चोरासारखी वावरले. ग्रुपवर सल्ल्यांचा पूर. कोणी म्हणे दूध बंद करा, कोणी म्हणे कॅल्शियमच्या गोळ्या थांबवा, एका आईनं कुठल्याशा पुड्या सुचवल्या. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "दूध बंद केल्यानं हाड मागे जात नाही, मूल तेवढं अशक्त होईल." सेंटरवर मुलं ओळीनं बसली होती आणि प्रत्येक जण आपला डावा हात दुसऱ्याच्या हाताशेजारी धरून बघत होता, कोणाचा मोठा. आमच्या लेकाचा मोठा निघाला. त्यानं तो खिशात घातला.

१५.८. पास. त्या संध्याकाळी पेढे आणले. मग सरांनी फोनवर पुढचं समजावलं. पुढच्या हंगामात हाच आकडा घेऊन त्यात एक मिळवतात. १५.८ आणि एक, १६.८. म्हणजे दाखल्याप्रमाणे त्याचं सोळाखालचं अजून एक वर्ष शिल्लक असताना तो बाहेर. नशिबानं २०२५ मध्ये बोर्डानं नियम सैल केला, अशा मुलांना दुसऱ्यांदा एक्स-रेची संधी देतात. पण वर्षभरात हाडं वाढणारच. सर सावरून घेत म्हणाले, "ताई, हे वर्ष महत्त्वाचं धरू या." हे "महत्त्वाचं वर्ष" आमच्या घरात कसं शिरलं ते काय सांगू. पर्सनल बॅटिंग आठवड्यातून तीनदा. ट्रेनर. मे महिन्याचं गाव रद्द. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला मुलगा आणि नवरा नेटवर. वर्षाचा खर्च एक लाख साठ हजारांच्या घरात गेला आणि मी तो वहीत लिहिणं थांबवलं, कारण बेरीज पाहिली की माझीच नजर त्याच्या धावांकडे वळायची.

संघात त्याचं नाव आलं नाही. राखीवमध्येही नाही. यादी फोनवर आली, त्यानं दोनदा वर-खाली केली आणि म्हणाला, "पंधरा पूर्णांक आठचा झालो फुकट." नवरा आत निघून गेला. मला हसू आलं आणि लेकालाही.

आता तो दहावीत जाईल. दुसरा एक्स-रे काढायचा की नाही यावर घरात दोन मतं आहेत, नवरा काढू म्हणतो, मी गप्प आहे. पर्सनल बॅटिंग बंद केली, ते त्यानंच सांगितलं. पावसाळ्यात सासऱ्यांच्या जुन्या ओळखीतून कांगा लीगमधल्या एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडे जाणार आहे. १९४८ पासून चाललेली ही लीग भर पावसातच खेळतात. ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात, चाळिशीच्या काकांबरोबर. तिथे वय कोणी विचारत नाही. सासरे म्हणाले, "ओल्या विकेटवर बचाव करून काही होत नाही, फटके मारायलाच लागतात." लेक त्यावर खूश आहे.

हॅरो बॅट गेल्या रविवारी विकली. बदलापूरहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलगा अकराचा, बॅट त्याच्या कमरेच्या वर पोचत होती. लेक म्हणाला, "काका, याला सहा नंबर लागेल." ते म्हणाले, "वाढेल की वर्षभरात." मग मला विचारलं, अकॅडमी कुठली, पर्सनलचे किती घेतात, चाचणीचे फॉर्म कधी निघतात. मी सगळं सांगितलं, मनगटाच्या एक्स-रेचंही. त्यांनी ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. तोवर लेक त्या मुलाला पार्किंगमध्ये घेऊन गेला होता आणि रबरी चेंडू टाकत ओरडत होता, "उचल, उचल, कोणाची गाडी नाहीये आज." बॅटचे ते तीन हजार म्हणत होते, मी चार. साडेतीनला दिली.